शिकारीच्या रानातला पार्किंग लॉट : वाचकांचे प्रश्न

थंडीची चाहूल लागली की पेनसिल्व्हेनियातल्या वाचकांच्या पत्रांत 'स्टेट गेम लँड्स'चा, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या सरकारी रानांचा, विषय हटकून येतो. पायवाटा सुंदर, गर्दी कमी, प्रवेश फुकट. पण वाटेच्या तोंडाशी असलेल्या खडीच्या लहानशा पार्किंग लॉटमध्ये बंदुका दिसतात, ट्रकच्या हौद्यात मेलेलं हरीण दिसतं, कधी कोपऱ्यात कचऱ्याचा ढीगही असतो. आणि तिथे कसं वागायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. नियम पेनसिल्व्हेनियाचे आहेत. इतर राज्यांबद्दलचा प्रश्न पुढे आहे.

प्रश्न : आम्ही शिकार करत नाही, फक्त चालायला जातो. लॉटमध्ये एका शिकाऱ्याने "ही जागा आमच्या पैशांची आहे" असं सुनावलं. आम्हाला तिथे गाडी लावायचा हक्क आहे की नाही? (हॅरिसबर्ग)

हक्क आहे. पण त्या माणसाचं म्हणणंही पोकळ नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे 'शिकारीसाठी राखलेलं सरकारी रान' ही गोष्टच आपल्याला अनोळखी आहे. पेनसिल्व्हेनियात गेम कमिशनने, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याने, अशी पहिली जमीन १९२०मध्ये एल्क काउंटीत घेतली. आज असे ३००हून अधिक तुकडे आहेत, मिळून सुमारे १५ लाख एकर. या जमिनी मुख्यतः शिकारीच्या परवान्यांच्या पैशांतून आणि बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करातून उभ्या राहिल्या. हा कर १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. रायफली आणि काडतुसांवर तो ११ टक्के आहे. आता लाकूड आणि गॅसचं उत्पन्नही कमिशनला मिळतं, पण स्टेट पार्कसारखी ही सहलीची जागा नाही. म्हणूनच बहुतेक लॉटमध्ये ना संडास, ना कचऱ्याचा डबा, ना नळ.

आमचं मत स्पष्ट आहे : हंगामात त्या लॉटवर पहिला मान शिकाऱ्याचा. दोनच जागा उरल्या असतील तर त्या सोडून जवळच्या स्टेट पार्कमध्ये जावं. कुणी अंगावर आलं तर वाद घालू नका. गाडीचा नंबर आणि वेळ टिपून ठेवा, तिथून निघा आणि गेम वॉर्डनला, म्हणजे कमिशनच्या अधिकाऱ्याला, कळवा. उलट बाजूही लक्षात ठेवा : कायदेशीर शिकारीत मुद्दाम अडथळा आणणं, आरडाओरडा करून हरणं पळवणं हा अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गुन्हा आहे.

प्रश्न : सकाळी लवकर निघायची आमची सवय आहे. हंगामात किती वाजता पोहोचावं? (मेकॅनिक्सबर्ग)

लवकर नको. हरीण सर्वांत जास्त हलतं ते पहाटे आणि संध्याकाळी, आणि शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास अशी असते. रायफलचा हंगाम २०१९पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. तेव्हा हॅरिसबर्गला सूर्य सात वाजून पाच-दहा मिनिटांनी उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. म्हणजे शिकारी पाच-साडेपाचलाच लॉटमध्ये येऊन, अंधारात चालत जाऊन, आपल्या जागी निश्चल बसलेला असतो. आपण सव्वासहाला पोहोचून दारं आपटली, गप्पा मारत त्याच वाटेने निघालो, की त्याची वर्षभर जपलेली सकाळ गेली.

चालणाऱ्यांसाठी उत्तम वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी दोन. अडीचच्या आत गाडीशी परत या, कारण संध्याकाळच्या शिकारीसाठी दबा धरून बसायला माणसं पुन्हा आत जायला लागतात. रविवारी रान मोकळं असतं या जुन्या भरवशावर राहू नका. २०२५पासून राज्यात अनेक रविवारी शिकार खुली झाली आहे. वसंतात टर्की पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम एप्रिलच्या अखेरीला किंवा मेच्या सुरुवातीला लागतो. त्यात पहिले दोन आठवडे शिकार दुपारी बारापर्यंतच चालते, त्यामुळे तेव्हा जेवून निघालात तरी चालेल.

लवकर पोहोचणं टळतच नसेल तर आवाज आणि उजेड आवरा. लॉटमध्ये शिरताना हेडलाइट लो बीमवर ठेवा आणि गाडी उभी राहताच बंद करा. दार आपटू नका. टेकवून कमरेने दाबा. गाडी कुलूपबंद करताना वाजणारा हॉर्न हा सर्वांत मोठा उपद्रव आहे. बऱ्याच गाड्यांत तो सेटिंगमधून बंद करता येतो. नसेल येत तर दाराच्या आतल्या बटणाने कुलूप लावा. इंजिन गरम करत दहा मिनिटं उभं राहायची गरज नसते.

प्रश्न : गाडी नेमकी कुठे आणि कशी लावावी? खडीवर पट्टे तर आखलेले नसतात. (यॉर्क)

पहिला आलेला जशी लावतो तशी बाकीच्यांची रांग ठरते, म्हणून पहिले असाल तर कडेला, सरळ आणि कुंपणाकडे नाक करून लावा. आडवी लावलेली एक गाडी तीन जागा खाते. फाटकासमोर कधीही लावू नका, फाटक गंजलेलं आणि कुलूपबंद असलं तरी. त्यातून वणवा विझवणाऱ्या गाड्या, जखमी माणसाला आणायला जाणारी रुग्णवाहिका आणि कमिशनचे ट्रॅक्टर जातात. वळायची मोकळी जागा ही पार्किंगची जागा नाही. बर्फ पडल्यावर ते हटवणारी गाडी तिथेच वळते.

शिकाऱ्याच्या ट्रकमागे सहा-सात फूट मोकळे सोडा. अंधारात शंभर-सव्वाशे पौंडांचं हरीण ओढत आलेल्या दोन माणसांना मागचं फळकट उघडून ते वर चढवायचं असतं.

उंच वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) इतका तापतो की गवत पेट घेऊ शकतं. पेनसिल्व्हेनियात वणव्यांचा मुख्य हंगाम उन्हाळा नसून मार्च ते मे असतो : बर्फ गेलेलं, झाडांना पालवी नाही, गेल्या वर्षीचा पाचोळा कोरडा खडखडीत आणि वर वारा.

प्रश्न : केशरी कपड्यांचा नियम आमच्यासाठीही आहे का? घरात भगवा फेटा आणि केशरी ओढण्या आहेत, त्या चालतील का? (लँकेस्टर)

१५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात गेम लँड्सवर शिकार न करणाऱ्यांनाही फ्लोरेसंट केशरी रंग सक्तीचा आहे : डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच, किंवा निदान पूर्ण केशरी टोपी. २५० चौरस इंच म्हणजे साधारण १६ इंच लांब-रुंद कापड. फेटा आणि ओढणी चालणार नाही. तो रंग साधा केशरी आहे. फ्लोरेसंट रंग ढगाळ उजेडातही झळकतो, आणि सगळा मुद्दा तोच आहे. हरणाला केशरी आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला मात्र झाडीतून लांबूनही दिसतो.

दोन चुका नेहमी होतात. रस्ताकामाचं पोपटी-पिवळं जाकीट घातलं जातं, ते नियमात बसत नाही. दुसरं, केशरी जाकिटावर पाठपिशवी चढवली की पाठ झाकली जाते. म्हणून जाकीट असलं तरी टोपी हवीच. मुलांना आणि कुत्र्यालाही केशरी घाला, कुत्रा सहा फुटी दोरीवर ठेवा. नोव्हेंबरात पांढरा रुमाल किंवा पांढरी टोपी टाळा, हरणाच्या शेपटीखालचा रंग तोच असतो. वसंतात लाल, पांढरा, निळा टाळा, कारण नर टर्कीचं डोकं त्याच रंगांचं असतं. तारखांबाहेरही, ऑक्टोबर ते जानेवारी, टोपी डोक्यावर असावी असं आम्ही सांगू. बहुतेक स्टेट पार्कांच्या काही भागांत शिकार चालते, तेव्हा तिथेही.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण लॉटमध्ये संडास नसतो. बायका-मुलांनी काय करायचं? (एक वाचक भगिनी, ॲलनटाउन)

संकोच नको, लॉटच्या कडेला दिसणारे कागदाचे बोळे याच प्रश्नातून येतात. पहिली गोष्ट म्हणजे नकाशावर जवळचं स्टेट पार्क किंवा गॅस स्टेशन शोधून तिथे थांबून मगच लॉटवर या. आत गरज पडलीच तर वाट, पाणी आणि लॉट तिन्हींपासून २०० फूट, म्हणजे ७० ते ८० पावलं दूर जा. लहान खुरपीने सहा ते आठ इंच खोल खड्डा करा, नंतर मातीने भरा. त्याहून उथळ खड्डा रॅकून उकरतात. फार खोल गेलं तर कुजवणारे जीव कमी असतात. कागद पुरू नका, झिपलॉक पिशवीत घालून घरी न्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर तर कधीच पुरू नयेत. गोठलेल्या जमिनीत खड्डा होत नाही, त्यासाठी जेल पावडर असलेल्या बंद पिशव्या मिळतात, त्या दोन-तीन गाडीत ठेवा. झाडीत जाताना टोपी काढू नका. परत आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला आणि केसांत गोचीड तपासा. काळ्या पायांची प्रौढ गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरात असते.

प्रश्न : केळीची, संत्र्याची सालं झाडीत टाकली तर काय बिघडतं? ती तर कुजतात. (स्टेट कॉलेज)

थंड रानात संत्र्याचं साल महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. त्याआधी ते अस्वलाला सापडतं, आणि लॉट म्हणजे खाणं हे अस्वलाच्या डोक्यात एकदा बसलं की ते पुन्हापुन्हा येतं. पेनसिल्व्हेनियात अस्वलाला खाऊ घालणं बेकायदा आहे, गेम लँड्सवर खाणं पसरून ठेवायलाही मनाई आहे. चिवड्याचे दाणे, पोळीचे तुकडे, लिंबाच्या फोडी सगळं डब्यात परत न्या. चहाचा चोथा गवतावर झटकला जातो, तोही नको. दारू, बिअर गेम लँड्सवर नुसती जवळ बाळगायलाही मनाई आहे, त्यामुळे थर्मासमध्ये चहाच असू द्या.

प्रश्न : काही ठिकाणी वाटेच्या सुरुवातीला बूट घासायचा ब्रश रोवलेला असतो. तो कशासाठी? (एक्स्टन)

बिया झाडून टाकण्यासाठी. जपानी स्टिल्टग्रास हे गवत १९१९मध्ये टेनेसीत पहिल्यांदा आढळलं, चिनी मातीच्या भांड्यांभोवती भरणाच्या रूपाने आलेलं असावं. आज ते बुटांच्या आणि टायरच्या चिखलातून लॉट ते लॉट पसरतं आणि खालची सगळी झुडपं दाबून टाकतं. आत जाताना घासा, बाहेर येतानाही घासा. ऑक्टोबरनंतर गाडीच्या चाकांच्या कमानीत चिखलाच्या लेपासारखे करडे डाग दिसले तर ती स्पॉटेड लँटर्नफ्लायची अंडी असतात; जुन्या कार्डाने खरवडून सॅनिटायझर असलेल्या पिशवीत टाका. हा किडा देशात पहिल्यांदा २०१४मध्ये याच राज्यातल्या बर्क्स काउंटीत सापडला.

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी शिकारीचं प्रशिक्षण घेऊन परवाना काढला. हरीण मारल्यावर आतडी, हाडं, कातडं यांचं काय करावं? लॉटच्या कडेला कुणीकुणी टाकलेली दिसतात. (रीडिंग)

तिथे टाकणं हा गुन्हा आहे आणि आमच्या मते लॉटमधला सर्वांत वाईट प्रकार तोच. दोन गोष्टी वेगळ्या करा.

आतडी : हरीण जिथे पडलं तिथेच पोट उघडून काढायची, टॅग (परवान्यासोबतची चिठ्ठी) हरणाच्या कानाला लावून झाल्यावर. ती रानात ठेवायला हरकत नाही. कोल्हे, कावळे, गरुड ती संपवतात. पण वाट, ओढा आणि लॉट यांपासून निदान शंभर पावलं दूर, वाटेवरून दिसणार नाहीत अशी. हरीण लॉटच्या जवळ पडलं असेल तर आधी आत ओढा. शिशाची गोळी वापरली असेल तर आतड्यांत बारीक कण विखुरलेले असतात आणि ते गरुडांना विषारी ठरतात. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८ राज्यांतल्या गरुडांच्या अभ्यासात जवळजवळ निम्म्यांत दीर्घकाळच्या शिसे-विषबाधेच्या खुणा सापडल्या. तांब्याची गोळी घ्या, किंवा आतडी पुरा.

हाडं आणि कातडं : घरी कापल्यावर जे उरतं ते रानात परत न्यायचं नाही. मोठ्या जाड पिशवीत, तीवर दुसरी पिशवी, गाठ मारून कचरागाडीला द्या. कचरावाला घेतो का हे आधी विचारा, आणि गोळा करायच्या दिवसापर्यंत गॅरेजमध्ये थंड ठेवा. याचं कारण नुसती दुर्गंधी नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूचा रोग पेनसिल्व्हेनियात २०१२मध्ये पहिल्यांदा सापडला. तो प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो. प्रिऑन शिजवून मरत नाही आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. तुमच्या हरणाची कवटी किंवा कणा दुसऱ्या काउंटीतल्या लॉटमध्ये पडला तर रोग तुमच्या गाडीतून तिथे पोहोचला असं समजा. म्हणून रोगग्रस्त जाहीर केलेल्या भागांतून डोकं, मेंदू, डोळे, कणा, प्लीहा असे धोक्याचे भाग बाहेर न्यायला बंदी आहे. हाड काढलेलं मांस नेता येतं. कमिशन त्या भागांत असे अवयव टाकायला मोठ्या कचरापेट्या (डंपस्टर) आणि फुकट तपासणीसाठी डोकी जमा करायच्या पेट्या ठेवतं. शिंगं काढून, टॅग भरून, डोकं पिशवीत बांधून टाका, आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवा.

लॉटमध्ये रक्त धुऊ नका. घरून जाड ताडपत्री किंवा मुलांची प्लास्टिकची घसरगाडी आणा. हरीण तिच्यावरून ओढता येतं आणि ट्रकमध्ये तशीच ठेवली की रक्त खाली गळत नाही. धुवायची ती घरी. रिकामी काडतुसं, हात गरम ठेवायच्या पुड्या, झाडाला बांधलेल्या रंगीत फिती, चकाकणाऱ्या टाचण्या, हे सगळं मोजून परत न्या. पितळी काडतुसं भंगारात जातात. शॉटगनची प्लास्टिक काडतुसं साध्या कचऱ्यात. बंदूक गाडीत ठेवण्याआधीच नाही, तर गाडीला टेकवण्याआधीही रिकामी हवी. लॉटमध्ये डबे ठेवून नेमबाजी करायची नाही. त्यासाठी कमिशनच्या वेगळ्या रेंज आहेत.

प्रश्न : मिडल क्रीकला स्नो गीज पाहायला कधी जावं? (किंग ऑफ प्रशिया)

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. हिवाळा सौम्य असेल तर आधी. चांगल्या वर्षी लाखाच्या घरात पक्षी उतरतात. मिडल क्रीकही गेम कमिशनचंच आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. शनिवार-रविवारी विलो पॉइंटचा लॉट सकाळी लवकर भरतो. तो भरला तर रस्त्याच्या कडेला गाडी खुपसू नका, शेतकऱ्यांची वाट अडते. टाळ्या वाजवून थवा उडवू नका. उत्तर ध्रुवाकडच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यात जळते. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, बर्ड फ्लू असू शकतो.

प्रश्न : इतर राज्यांत हेच नियम असतात का? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही. न्यू जर्सीतले 'वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया' रात्री नऊ ते पहाटे पाच बंद असतात. कोलोरॅडोत २०२०पासून स्टेट वाइल्डलाइफ एरियात नुसतं फिरायलाही शिकार किंवा मासेमारीचा परवाना किंवा वेगळा पास लागतो. टेक्ससमध्ये सार्वजनिक शिकारभूमीत जायला वार्षिक परवाना लागतो, आणि शिकार न करणाऱ्यांसाठी स्वस्तातला वेगळा आहे. निघण्याआधी त्या राज्याच्या वन्यजीव खात्याचं पान उघडून 'मनोरंजनासाठी प्रवेश' आणि चालू हंगामाच्या तारखा या दोनच गोष्टी पाहा.

प्रश्न : आमच्या मंडळातल्या वीस जणांना गांधी जयंतीला एका लॉटची सफाई करायची आहे. तयारी काय करावी? (हर्शी)

कल्पना छान आहे, तारीख बदला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला धनुष्यबाणाचा हंगाम चालू असतो आणि गवतात कचरा दिसत नाही. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा शनिवार घ्या : बर्फ गेलेलं, झाडं उघडी, टर्कीचा हंगाम लागायचा आहे. कमिशनच्या विभागीय कार्यालयाला महिनाभर आधी लिहा. गटाने काम करायला परवानगी लागेल का आणि जमवलेला कचरा कोण नेणार, हे लेखी घ्या. ट्रक न ठरवता सुरू केलेली सफाई म्हणजे लॉटमध्ये तीस पिशव्यांचा नवा ढीग. 'कीप पेनसिल्व्हेनिया ब्युटिफुल' या संस्थेच्या वसंतातल्या मोहिमेत नोंदणी केली तर पिशव्या, हातमोजे आणि जाकिटं मिळू शकतात.

वीस जणांसाठी अंदाज असा : ४२ गॅलनच्या, ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीच्या पिशव्या ३०, कारण पातळ पिशवी काचेने फाटते, कचरा उचलायचे चिमटे १०, आत रबरी आणि वर चामडी हातमोज्यांच्या २० जोड्या, झाकणाच्या दोन बादल्या, फावडी २, दोरीला बांधलेलं मोठं चुंबक १. चुंबक विसरू नका. लॉटमध्ये लाकडी पॅलेट जाळलेली असतात, राखेत शेकडो खिळे उरतात आणि पुढच्या आठवड्यात ते टायरमध्ये शिरतात. राख थंड असल्याची खात्री करून चुंबक दोनदा, आडवं आणि उभं, फिरवा.

चार-चार जणांचे पाच गट करा. रस्त्याकडची बाजू एका प्रौढ गटाला द्या, मुलांना तिथे पाठवू नका. सुई दिसली तर हाताने नाही, चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या साबणाच्या बाटलीत टाका आणि झाकण टेपने बंद करा. जिवंत काडतूस पिशवीत टाकू नका, जागेवर खूण करून वॉर्डनला बोलवा. सोड्याच्या बाटलीत पांढरा किंवा तपकिरी गाळ आणि नळी दिसली तर ती अमली पदार्थ बनवल्याची खूण असू शकते. तिला हात लावू नका, सगळ्यांना मागे घ्या आणि ९११ला फोन करा. टायर आणि रंगाचे डबे वेगळे ठेवा, लँडफिलवर त्यांचे पैसे वेगळे पडतात. घरगुती कचऱ्याच्या पिशवीत पत्ता असलेली पाकिटं सापडली तर ती पिशवी न फोडता तशीच वॉर्डनकडे द्या. त्यावरून टाकणाऱ्यापर्यंत पोहोचता येतं.